तोंडी औषध-आदेशातील चूक पुन्हा पुन्हा होते तेव्हा काय तपासावे

आधी वॉर्डची इनचार्ज सिस्टर म्हणून आणि नंतर रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम करताना मी एकच बिघाड वेगवेगळ्या मजल्यांवर आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून झालेला इतक्या वेळा निस्तरला आहे की, आता त्याचा माग कुठून काढायचा हे मला फाइल उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. डॉक्टरांनी समोरासमोर किंवा फोनवर सांगितलेले औषध एक असते आणि रुग्णापर्यंत पोहोचलेले, किंवा पोहोचता पोहोचता राहिलेले, औषध दुसरेच असते. त्यानंतरचा क्रमही ठरलेला आहे. फोन घेणाऱ्या सिस्टरला मेमो मिळतो, सभागृहात एक वर्ग होतो, हजेरीच्या कागदावर सह्या होतात आणि दोन-तीन महिन्यांनी तीच चूक शेजारच्या वॉर्डात दिसते. म्हणून मेमो आणि वर्ग हे दोन्ही उपाय मी पुढील तपासणीतून जवळजवळ वगळलेच आहेत. हा मजकूर इनचार्ज सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), रुग्णालयातील औषधनिर्माते आणि गुणवत्ता पाहणारे सहकारी यांच्यासाठी आहे.

लक्षणे

सर्वांत आधी फाइलमधील वेळा पाहाव्यात. इंजेक्शन रात्री २.१० ला दिल्याची नोंद आहे आणि त्याचा तोंडी आदेश २.४० ला लिहिलेला आहे, असे एकदा आढळले तर ती घाई म्हणता येईल. पण तेच आठवड्यात चार फाइलींत आढळले, तर त्या वॉर्डात आधी औषध देण्याची आणि नंतर आठवणीतून आदेश लिहिण्याची पद्धत पडलेली आहे, असे समजावे.

दुसरे लक्षण सह्यांचे आहे. तोंडी आदेशांखाली डॉक्टरांनी केलेल्या पाच दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओघात आणि वेळ न घालता केलेल्या दिसतात. अशा सह्या बहुधा डिस्चार्जच्या सकाळी बिलासाठी फाइल अडलेली असताना झालेल्या असतात.

तिसरे लक्षण कागदावर दिसत नाही. प्रत्येक आदेशापाशी ‘वाचून दाखवले व खात्री केली’ असा शिक्का असतो, पण फोनपाशी अर्धा तास उभे राहिले तर कोणीही काहीही वाचून दाखवत असल्याचे ऐकू येत नाही. त्याऐवजी ऐकू येते ते ‘हो सर, ओके सर’, आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या सिस्टरला विचारलेले ‘सर पन्नास म्हणाले की पंधरा गं?’

याखेरीज आणखी काही किरकोळ वाटणाऱ्या खुणा असतात. मायक्रोपोरच्या तुकड्यावर लिहून एप्रनला चिकटवलेला डोस, ग्लोव्हजच्या पाकिटावरचे आकडे, फार्मसीतून ‘हे नक्की याच रुग्णासाठी आहे ना’ असे विचारणारे फोन, एकाच रुग्णाच्या चार्टवर एकाच औषधाची दोन व्यापारी नावे आणि हँडओव्हरमध्ये येणारे ‘रात्री सरांनी काहीतरी वाढवलंय, बघून घे’ हे वाक्य. एखाद्या वॉर्डातून वर्षभर तोंडी आदेशाच्या चुकीची एकही नोंद आली नसेल, तर त्या वॉर्डाला शाबासकी देण्याआधी मी तेथे एक रात्र बसते.

पहिली तपासणी: हा आदेश तोंडी असण्याची गरज होती का?

यासाठी एक पैसाही लागत नाही. मागील सात दिवसांचे सर्व तोंडी आदेश एका कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकापुढे वेळ, औषध आणि फोनचे कारण एवढेच लिहावे. तोंडी आदेशाला खरी जागा दोनच ठिकाणी आहे: रुग्णाचे प्राण वाचवण्याची घाई चालू असते तेथे, आणि आदेश देणाऱ्याचे हात निर्जंतुक क्षेत्रात अडकलेले असतात तेथे. डॉक्टर रात्री घरी असताना केलेला फोन ही तिसरी, नाइलाजाची जागा आहे. आपल्या यादीतील कोणते आदेश या तिन्हींत बसत नाहीत, ते पाहावे.

आमच्याकडे ही यादी पहिल्यांदा केली तेव्हा तिचा मोठा भाग ताप, मळमळ, शस्त्रक्रियेनंतरची वेदना, झोप न येणे आणि शौचाला न होणे यांनी व्यापला होता. यांपैकी कोणतीही गोष्ट रात्री दोन वाजता अनपेक्षित म्हणता येणार नाही. संध्याकाळच्या राउंडलाच ती गृहीत धरता आली असती. भरतीच्या वेळच्या छापील आदेशपत्रात ‘ताप अमुक अंशांच्या वर गेल्यास हे औषध, एवढा डोस, चोवीस तासांत जास्तीत जास्त इतक्या वेळा’ असे लिहून सही केलेली असली, की तो फोन मुळातच होत नाही. संध्याकाळच्या राउंडच्या शेवटी इनचार्जने ‘सर, रात्री लागण्यासारखे काही लिहायचे राहिले आहे का?’ एवढे विचारले तरी फोन कमी होतात. काही आदेश तर डॉक्टर वॉर्डात समोर उभे असताना, पेन खिशात असतानाही तोंडी दिलेले आढळतील. तेथे फाइल उघडून पुढे करणे हाच उपाय आहे आणि तो नम्रपणे, पण प्रत्येक वेळी करावा लागतो.

ही तपासणी पहिली का, याचे कारण सोपे आहे. जो आदेश तोंडी झालाच नाही, तो चुकीचा ऐकला जाण्याची शक्यता उरत नाही. पुढचे सगळे उपाय उरलेल्या फोनांसाठी आहेत आणि उरलेले फोन जितके कमी, तितके ते उपाय प्रामाणिकपणे पाळले जातात.

दुसरी तपासणी: फोन कोठे ठेवला आहे

फोनच्या जागी जाऊन स्वतः उभे राहावे आणि एका हातात रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने लिहून पाहावे. बऱ्याच वॉर्डांत फोन भिंतीला, तारेच्या बेताच्या लांबीवर आणि नेमका लिफ्ट किंवा नेब्युलायझर यांच्या शेजारी असतो. लिहायला टेकण नसते, पेन दोऱ्याने बांधलेले असते पण चालत नसते, आणि रुग्णाची फाइल दहा पावले दूर ट्रॉलीवर असते. अशा ठिकाणी उभी असलेली सिस्टर ऐकलेले लक्षात ठेवते आणि नंतर लिहिते. येथेच बिघाडाचे मूळ आहे, कारण ऐकणे आणि लिहिणे यांच्या मधल्या त्या दोन मिनिटांत एखादा नातेवाईक ‘सिस्टर, सलाईन संपली’ म्हणून येतो आणि पन्नासचे पंधरा होतात.

उपाय शे-दोनशे रुपयांचा आहे: फोनजवळ एक फळी, चालणारे पेन आणि छापील पॅड. पॅडवर रुग्णाचे पूर्ण नाव, आयपीडी (भरतीचा) क्रमांक, वजन, अॅलर्जी, औषध, डोस, मार्ग, किती वेळा, कशासाठी, आदेश देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि वेळ अशा रकाना-ओळी असाव्यात. वजन आणि अॅलर्जी या दोन ओळी फोन लावण्यापूर्वी भरायच्या, असा आमचा नियम आहे. त्या भरण्यासाठी फाइल उघडावी लागते आणि फाइल उघडली की ती फोनपाशी येते, हा त्या नियमाचा खरा उपयोग आहे.

फोन करणाऱ्याने काय सांगायचे हेही येथेच पाहावे. ‘सर, बेड सातचा पेशंट अस्वस्थ आहे’ एवढेच कळल्यावर डॉक्टर अंदाजाने आदेश देतात. रुग्ण कोण, आत्ता काय झाले, मागचा संदर्भ काय, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन किती, आणि मला आपल्याकडून काय हवे आहे, या क्रमाने बोलले तर आदेश निश्चित येतो. एसबार नावाने शिकवली जाते ती हीच मांडणी. बेड नंबरावरून रुग्ण ओळखण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडावी. संध्याकाळी बेड बदललेला असतो आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सकाळचा रुग्ण असतो.

तिसरी तपासणी: वाचून दाखवणे खरोखर होते का

अमेरिकेतील जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००३ पासून आपल्या रुग्णसुरक्षा उद्दिष्टांत तोंडी आदेश लिहून घेऊन वाचून दाखवण्याची अट घातली आणि पुढे ती जगभरच्या रुग्णालयांत पसरली. आपल्याकडे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या मानकांतही तोंडी आदेशांची लेखी कार्यपद्धती आणि आदेश देणाऱ्याची नंतरची सही अपेक्षित आहे. आमच्याकडे त्या सहीची मुदत २४ तासांची आहे. अडचण अशी की, या अटीचा शिक्का झाला आणि शिक्का मारणे हेच वाचून दाखवणे ठरले.

ही गोष्ट तपासण्याचा एकच मार्ग आहे. दिवसा दोन आणि रात्री तीन फोन होईपर्यंत जवळ उभे राहावे, काही बोलू नये आणि क्रम पाहावा. योग्य क्रम तीन पायऱ्यांचा आहे: ऐकताना कागदावर लिहिणे, कागदावरचे वाचणे आणि पलीकडून स्पष्ट ‘बरोबर’ असा शब्द येईपर्यंत फोन न ठेवणे. ऐकलेले लगेच तोंडाने म्हणून दाखवणे आणि लिहिलेले वाचून दाखवणे यांत फरक आहे. पोपटासारखे म्हटलेले बरोबर असते आणि कागदावर तरीही चुकीचे उतरते. डोळ्यांनी कागद वाचला तरच कागदातील चूक पकडली जाते. तिसरी पायरी सर्वाधिक गळते, कारण सिस्टर वाचत असतानाच पलीकडून फोन ठेवला जातो. तसे झाल्यास पुन्हा फोन लावायचा, हे लेखी धोरणात असावे आणि त्याखाली वैद्यकीय अधीक्षकांची सही असावी. नाहीतर रात्री अडीचला पुन्हा फोन लावण्याचे धैर्य एकट्या सिस्टरकडून मागितल्यासारखे होते.

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाभोवती पॅड आणि पेन चालत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. तेथे पद्धत वेगळी: आदेश देणारा ‘अॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम शिरेतून’ म्हणतो, भरणारा तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, दिल्यावर ‘अॅड्रेनालिन १ मिलिग्रॅम दिले’ असे सांगतो आणि फक्त लिहिण्यासाठी नेमलेली तिसरी व्यक्ती घड्याळ पाहून वेळ टिपते. वापरलेल्या अँप्युल फेकायच्या नाहीत, ट्रेमध्ये ठेवायच्या; शेवटी नोंदी जुळवताना त्यांचाच आधार असतो.

चौथी तपासणी: आकडे आणि एकके

या तपासणीवर मी सर्वांत अधिक वेळ घालवते, कारण आपल्या रुग्णालयांत आकडे तीन-चार भाषांतून प्रवास करतात. सर्जन मराठीत विचार करतात, आरएमओ हिंदीत बोलतात, सिस्टर केरळची आहे आणि चार्ट इंग्रजीत आहे. मराठी माणसाच्या तोंडी ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाव’ आणि ‘पाऊण’ सहज येतात, पण नुकत्याच रुजू झालेल्या मल्याळी सिस्टरला अडीच म्हणजे दोनच्या पुढे की मागे हे ठाऊक असेलच असे नाही. ‘पाव’ आणि ‘पाऊण’ हे तर खराब लाइनवर मराठी कानालाही सारखे वाटतात आणि त्या दोहोंत तिपटीचा फरक आहे. ‘सात’ आणि ‘साठ’, इंग्रजीतले फिफ्टीन आणि फिफ्टी, ‘पॉइंट’ हा शब्द गळाला की ०.५ चे ५, या सर्व जागा ओळखीच्या आहेत.

म्हणून आमचा नियम असा: फोनवर अपूर्णांकाचे मराठी शब्द वापरायचे नाहीत, आकडा एकदा पूर्ण आणि एकदा सुटा सांगायचा (‘पन्नास, फाइव्ह झिरो’), आणि एकाहून लहान डोसात ‘झिरो पॉइंट’ दोन्ही शब्द उच्चारायचे. लिहिताना ०.५ मधील आधीचे शून्य सोडायचे नाही आणि ५ च्या पुढे बिनकामाचा दशांश व शून्य लावायचे नाही. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते.

दुसरा नियम एककाचा आहे आणि तो अधिक कडक आहे. ‘दोन सीसी द्या’ (सीसी म्हणजे मिलिलिटर), ‘एक अँप्युल द्या’, ‘अर्धी व्हायल द्या’ असे आदेश स्वीकारायचेच नाहीत. डोस मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम, युनिट किंवा (पोटॅशियमसारख्या क्षारांसाठी) मिलिइक्विव्हॅलंटमध्येच घ्यायचा. मिडाझोलाम हे गुंगीचे औषध आपल्या बाजारात एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. एका रुग्णालयात नेहमीची १ मिलिग्रॅमची व्हायल संपली आणि फार्मसीने दुसरी पाठवली. त्या रात्री ‘दोन सीसी मिडाझ’ या सवयीच्या आदेशाने रुग्णाला २ ऐवजी १० मिलिग्रॅम गेले. श्वास मंदावला, भूलतज्ज्ञ त्याच मजल्यावर होते म्हणून पुढचे टळले. चौकशीत सर्वांनी खरे सांगितले: डॉक्टर दोन सीसी म्हणाले होते आणि सिस्टरने दोन सीसीच दिले होते. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचेही तसेच आहे, ते प्रति मिलिलिटर १००० आणि ५००० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत येते.

बालरुग्णांच्या बाबतीत नुसता डोस घेऊ नये, त्याचा हिशेबही घ्यावा: ‘दर किलोला १५ मिलिग्रॅम, वजन १० किलो, म्हणून पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम.’ तीनही आकडे बोलले गेले, तर त्यातला एक चुकला तरी गुणाकार जुळत नाही आणि चूक फोनवरच उघडी पडते.

पाचवी तपासणी: नावे

सारख्या उच्चाराची नावे ही चूक सर्वांना ठाऊक असते, तरी वॉर्डातील लघुनावे ती वाढवतात. डोपामिन आणि डोब्युटामिन, हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन, सेफोटॅक्सिम आणि सेफ्टाझिडिम यांत मुळातच साम्य आहे. त्यात ‘डेक्सा’ म्हटले की डेक्सामेथासोन आणि ‘डेक्स’ म्हटले की डेक्समेडेटोमिडिन, असा केवळ एका स्वराचा फरक आपण स्वतः निर्माण करून ठेवतो.

एका वॉर्डातील प्रसंग सांगते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी फोनवर ‘मेट्रो चालू करा, आठ-आठ तासांनी’ असे सांगितले. रुग्णाला रक्तदाबाचा जुना त्रास होता आणि सिस्टरच्या मनात तोच होता, म्हणून तिने मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरील औषधाऐवजी रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलच्या गोळ्यांचा इंडेंट (मागणीपत्र) फार्मसीला पाठवला. फार्मसिस्टने फोन करून विचारले, ‘सिस्टर, हा पेशंट तर तोंडाने काही घेत नाही ना?’ आणि चूक तेथेच थांबली. फार्मसिस्टने केले ते काम आदेश घेतानाच एका शब्दाने झाले असते: ‘कशासाठी, सर?’ जंतुसंसर्गासाठी असे उत्तर आले असते आणि मेटोप्रोलॉलचा विचार मनातून निघून गेला असता. आदेशाबरोबर कारण विचारणे हा माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. डॉक्टरांना तो प्रश्न उद्धट वाटू नये म्हणून तो पॅडवरच छापून घ्यावा. ‘सर, पॅडवर रकाना आहे’ असे म्हटले की कोणी रागावत नाही.

नाव मूळ औषधाचे घ्यावे. शंका असल्यास एकेक अक्षर उच्चारून घ्यावे.

सहावी तपासणी: मधला माणूस

आदेश देणारा आणि औषध देणारा यांच्यामध्ये किती माणसे आहेत ते मोजावे. सर्जन ओटीत (शस्त्रक्रियागृहात) आहेत, ओटीतील मदतनीस मामा फोन उचलतात, ‘सर म्हणतात ते इंजेक्शन परत द्या’ असे सांगतात आणि वॉर्डातील ब्रदर ते तिसऱ्याच सिस्टरला सांगतो. या साखळीत कोणीही वाचून दाखवले तरी ते चुकीच्या माणसाला वाचून दाखवलेले असते. निरोप आणि आदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामा, मावशी, रिसेप्शनवरची व्यक्ती, एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आणि रुग्णाचे नातेवाईक (मग ते स्वतः डॉक्टर का असेनात) यांच्याकडून आलेला मजकूर हा निरोप धरावा आणि त्यावर करायची कृती एकच: स्पीकरवर का होईना, थेट डॉक्टरांशी बोलणे. आदेश घेणारी व्यक्ती त्या रुग्णाची त्या पाळीतील नोंदणीकृत परिचारिका किंवा आरएमओच असावी. विद्यार्थिनीने फोन उचलावा, पण आदेश घेऊ नये.

सातवी तपासणी: कपाट

येथून पुढे खर्च आणि विरोध दोन्ही वाढतात. ऐकण्यातील चूक रुग्णापर्यंत पोहोचायची असेल तर चुकीचे औषध हाताशी असावे लागते, म्हणून कपाट तपासायचे. १० मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असणारे तीव्र पोटॅशियम क्लोराइड सर्वसाधारण वॉर्डच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरशेजारी ठेवलेले आढळले, तर बाकीची तपासणी थांबवून आधी ते तेथून हलवावे. इन्शुलिनच्या ४० आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही व्हायल एकाच फ्रीजमध्ये असतील तर एक प्रकार काढून टाकावा: १०० ची व्हायल आणि लाल टोपीची ४० ची सिरिंज अशी जोडी जमली, तर १० युनिटच्या रेषेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये प्रत्यक्षात २५ युनिट असतात, आणि तेथे कितीही उत्तम वाचून दाखवले तरी उपयोग नाही. फार्मसीने तीव्रता किंवा ब्रँड बदलला की त्याच दिवशी वॉर्डला लेखी कळवण्याची व्यवस्था याच टप्प्यावर बसवावी.

आठवी तपासणी: व्हॉट्सअॅप

लेखी मजकूर असल्यामुळे नाव आणि आकडा आवाजापेक्षा स्पष्ट येतो, हे मान्य करायला हवे. तरीही तो सही होईपर्यंत तोंडी आदेशच धरावा. दोन निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे, फोन स्वतःहून औषधाचे नाव ‘सुधारतो’, आणि गटात दोन रुग्णांचे अहवाल लागोपाठ आलेले असताना खाली आलेला डोस कोणत्या रुग्णाचा हे कळत नाही. संदेश आला तरी फाइलमध्ये उतरवून परत फोन करावा. रुग्णाच्या कागदांचे फोटो खासगी गटांत फिरत असतील, तर तो प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. तो प्रशासनापुढे न्यावा.

नववी तपासणी: पुन्हा विचारल्यावर काय होते

वरील सर्व नीट असूनही चुका होत असतील, तर शेवटची आणि सर्वांत कठीण जागा उरते. सिस्टरांना एकेकटीला, इनचार्ज समोर नसताना विचारावे: ‘कोणत्या डॉक्टरांना तू दुसऱ्यांदा फोन करत नाहीस?’ तीन-चार जणींच्या तोंडून एकच नाव येते. त्या वॉर्डात बिघाड कानात किंवा कागदात नाही. ‘एकदा सांगितलेले कळत नाही का’ हे वाक्य ज्या सिस्टरने दोनदा ऐकले आहे, ती तिसऱ्यांदा अंदाज करणार. आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो म्हणून ती सवय टिकते. हे दुरुस्त करणे इनचार्जच्या हातात नसते. तिने फक्त आधीच्या आठ तपासण्यांच्या नोंदी आणि तारखा जमवून ठेवाव्यात, कारण वरिष्ठांपुढे ‘सर ओरडतात’ ही तक्रार टिकत नाही, पण ‘या महिन्यात अकरा वेळा वाचून होण्याआधी फोन ठेवला गेला’ अशा स्वरूपाची मोजलेली नोंद टिकते.

कोठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

रुग्णापाशी असलेल्या सिस्टरसाठी थांबण्याच्या जागा स्पष्ट आहेत. केमोथेरपीचे औषध सुरू करण्याचा किंवा डोस बदलण्याचा आदेश तोंडी घेऊ नये. थांबवण्याचा घेता येतो. तीव्र पोटॅशियम, इन्शुलिन, हेपरिन, ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामके) आणि रक्तदाब चढवणारी औषधे यांचा आदेश टाळणे शक्य नसेल, तर स्पीकरवर दुसऱ्या परिचारिकेनेही ऐकावा, दोघींनी वेगवेगळे लिहावे आणि दोन कागद जुळले नाहीत तर औषध भरू नये. दोनदा वाचून दाखवूनही डोस नेहमीपेक्षा फार मोठा किंवा फार लहान वाटत असेल, तर थांबून क्लिनिकल फार्मासिस्टला, तो नसेल तर ड्युटीवरील आरएमओ किंवा भूलतज्ज्ञांना विचारावे. त्यांच्याकडूनही खुलासा झाला नाही, तर त्या युनिटमधील दुसरे वरिष्ठ डॉक्टर आणि शेवटी वैद्यकीय अधीक्षक. ही शिडी फोन नंबरांसह फोनजवळ चिकटवलेली असावी.

चुकीचे औषध गेलेच असेल तर ही तपासणी बाजूला ठेवावी. औषध चालू असल्यास थांबवावे, रुग्णाला पाहावे, नाडी, श्वास, रक्तदाब व ऑक्सिजन टिपावे, डॉक्टरांना प्रत्यक्ष बोलवावे, व्हायल आणि सिरिंज जपून ठेवावी. फाइलमध्ये घडले तसे आणि घडले त्या वेळेने लिहावे. जुनी ओळ खोडून किंवा मधल्या जागेत कोंबून काहीही लिहू नये. कोणी तसे करायला सांगितले तर ते लेखी मागावे.

बिघाड शोधणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीही थांबण्याची जागा आहे. पहिल्या सहा तपासण्या करून चार आठवडे झाले आणि लक्षणे तशीच राहिली, किंवा एकाच प्रकारच्या चुकीने दुसऱ्यांदा रुग्णाला इजा झाली, तर वॉर्डपातळीवरची दुरुस्ती बंद करावी आणि प्रकरण रुग्णालयाच्या औषध व उपचार समितीकडे लेखी न्यावे. कर्मचाऱ्यांची संख्या, कन्सल्टंटचे वर्तन, संगणकीय आदेशप्रणाली आणि औषधखरेदी हे निर्णय तेथेच होतात. समितीच नसेल किंवा ती फक्त कागदावर असेल, तर व्यवस्थापनाला बाहेरचा औषधसुरक्षा जाणणारा क्लिनिकल फार्मासिस्ट बोलवायला सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली होती आणि २०२२ च्या १७ सप्टेंबरच्या रुग्णसुरक्षा दिनाचा विषयही तोच होता; व्यवस्थापनापुढे मांडायच्या टिपणात असे संदर्भ घातले की पैसे मंजूर व्हायला मदत होते, हा माझा अनुभव आहे.

दुरुस्ती झाल्यावर तीन आठवड्यांनी आणि नंतर नवीन आरएमओ किंवा नवीन सिस्टर रुजू झाल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा पाच फोनांपाशी उभे राहावे. बिघाड परततो तेव्हा त्याची पहिली खूण पॅडवर दिसते: वजन आणि अॅलर्जीच्या ओळी फोनच्या आधी भरलेल्या नसतात, त्या बाकी मजकुराच्या घाईच्या अक्षरातच, शेवटी भरलेल्या असतात.